भाव सांगितला की गप्प बसायचं

गंगाक्का,

माझं अक्षर वाईट आहे. चौथीनंतर पेन हातात आलं ते गटाच्या वहीत सही करण्यापुरतंच, त्यामुळं ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला अजून कळत नाही. काजूच्या टरफलाच्या तेलानं बोटंही कडक झालीत, पेन हवं तसं वळत नाही. चुकलं असेल तिथं समजून घे.

एवढं लिहिलं आणि तुझा आवाज आलाच. "सुरवातीलाच माफी मागाय काय चोरी केलीयास व्हय गं? माफी मागितली की ऐकनारं मानूस चुकाच हुडकत बसतंय." खरं आहे तुझं. तरी खोडत नाही. तू रागावल्याशिवाय मला कधी सुरुवातच करता आली नाही.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. आजऱ्याच्या बाजारात तुझ्या जागेवर अजून कुणी बसलेलं नाही. कापडवाल्याच्या भिंतीजवळ मातीत तुझ्या माठांच्या बुडांचे गोल उठलेत, तेवढे आहेत. मी शेजारी पाटी मांडते, पण गोलांवर मांडत नाही.

आठवतं तुला पहिलं वर्ष? काजूच्या कारखान्याचे मालक फुटका गर आम्हा कामावरच्या बायकांना स्वस्तात द्यायचे आणि मी तो पाटीत घेऊन बाजारात बसायचे. बसायचे म्हणजे नुसती बसायचे. तुझ्याशेजारी जागा मिळाली, कारण तुझ्या आवाजापुढं तिथं दुसरं कुणी टिकत नव्हतं. तू माठांच्या राशीत पाटावर बसून सगळा बाजार अंगावर घ्यायचीस. "ओ पावणं, तुमीच ओ, पांढऱ्या टोपीचं. घरात पानी कशातनं पिताय? प्लास्टिकातनं? मग तोंड असं हुनारच की." पाव्हणा हसत यायचा आणि माठ खांद्यावर घेऊन जायचा. मी पाटीमागं मान खाली घालून बसायचे.

एकदा खेड्यावरची एक म्हातारी आली. माझ्याकडं बघून तिला वाटलं मी मुकीच आहे. तिनं बोटं नाचवून विचारलं, केवढ्याला? आणि मी बोटांनीच सांगितलं. 'बिचारी' म्हणत ती दोन पुड्या जास्त घेऊन गेली. तू हसून हसून पाटावरनं पडायच्या बेताला आलीस. डोळे पुसत म्हणालीस, "यव्वा, हिला मुक्यापनावर जादा गिऱ्हाईक मिळालं." तेव्हापासून मी तुझी मुकी झाले. "मुके, भाकरी खाल्लीस?" "मुके, मालाकडं बघ, मी आलोच." बाजारात माझं मंगल हे नाव कुणाला ठाऊकच नव्हतं.

मग बायकांचे बचत गट निघाले. आमचा बारा जणींचा, सगळ्या कारखान्यात बी फोडणाऱ्या आणि साल काढणाऱ्या. किलोवर मजुरी, आणि दर मालक म्हणतील तो. आपलीच एक लहान शेड घालायची, बी वाफेवर उकडायला बॉयलर आणि फोडायला पायानं दाबायची चार मशिनं घ्यायची, असं आमचं ठरलं. त्याला बँकेचं कर्ज पाहिजे होतं, आणि कर्ज पाहिजे तर कुणीतरी उभं राहून बोलायला पाहिजे होतं.

पहिल्यांदा तालुक्याच्या बँकेत साहेबांपुढं आमच्या अध्यक्ष इंदूताई बोलल्या. सातवी शिकलेल्या, भाषणाची हौस. पाऊण तास बोलल्या. स्त्री कशी देवीसमान आहे इथून सुरू झाल्या आणि काजूपर्यंत यायला अर्धा तास लागला. मग त्यांना शेवट सापडेना. 'आणि शेवटी एवढंच सांगते' असं तीन वेळा म्हणाल्या, आणि तिन्ही वेळा पुन्हा पहिल्यापासून निघाल्या. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. अखेर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बाई, एका पोत्यातून गर किती निघतो?"

इंदूताई म्हणाल्या, "भरपूर निघतो साहेब."

"भरपूर म्हणजे किती?"

"म्हणजे... चिक्कार."

साहेब हसले नाहीत. कागद मिटून परत दिले. मी खांबामागं उभी होते, आणि उत्तर माझ्या जिभेवर होतं.

पुढच्या बाजारी तुला हे सांगितलं. तू एका माठाला फडकं मारत होतीस. म्हणालीस, "तुला ठावं होतं?"

"व्हय."

"मग बोललीस का न्हाईस?"

"विचारलं त्यास्नी होतं."

तू फडकं खाली ठेवलंस आणि माझ्याकडं रोखून बघितलंस. तू असं बघितलंस की मला धडकी भरायची. मग म्हणालीस, "म्होरल्या बारीला तू बोलनार."

"मला न्हाई जमायचं अक्का. लाज वाटती."

"लाज मलाबी वाटती."

मला हसू आलं. तू मात्र हसली नाहीस. आणि मग तू जे सांगितलंस ते मी कुणाला सांगितलेलं नाही, आज पहिल्यांदा वहीत उतरवते. "आमचं मालक, पोरांचं बा, गेलं तवा पयल्यांदा मडकी घिऊन हितं बसलो. सकाळधरनं दुपारपतूर तोंडातनं शबुद फुटला न्हाई. कानडीत मनात यायचं, मराठीत बोलायचं, दोनीबी वटात अडकायचं. पोरं घरात उपाशी. मग ध्येनात आलं, लाज आपल्याबद्दल बोलताना वाटती. मडक्याबद्दल बोलताना कसली लाज? तवापासनं मी माझ्याबद्दल बोलतच न्हाई. तू तुझ्याबद्दल बोलू नगंस. काजूबद्दल बोल."

बाजारातला सगळ्यात मोठा आवाज लाजाळू बाईचा होता, हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून मला तुझी भीती वाटायची थांबली.

त्याच दुपारी तू मला तुझ्या पाटावर बसवलंस आणि "च्या पिऊन येतो" म्हणून गेलीस. मास्तरांसारखे दिसणारे एक जण आले. त्यांनी एक माठ उचलला, कानाजवळ धरला आणि बोटाच्या पेरानं टकटक वाजवायला लागले. माझा जीव वरखाली. अक्काचा माल, फुटला म्हणजे? मी म्हणाले, "वाजवू नका, फुटंल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, माठ हळूच खाली ठेवला आणि पुढच्या दुकानाकडं चालू लागले.

तू चहाला गेलीच नव्हतीस. कापडाच्या गठ्ठ्यांमागनं बाहेर आलीस, कमरेवर हात ठेवून.

"काय म्हनालीस त्येला?"

"वाजवू नका म्हणालो."

"म्हंजे माठ चिरलाय असंच सांगितलंस की. अगं, न घेनारा कशाला वाजवंल? घेनाराच वाजवतोय. त्येला पुरतं वाजवू द्यायचं. मधी हात घालायचा न्हाई. माठ भाजका असंल तर त्योच बोलंल, तुला बोलायची गरज न्हाई."

"आणि चिरलेला असंल तर?"

"चिरलेला मी कवा लपवला?" तू कडेला बोट दाखवलंस. तिथं नेहमी दोनतीन गळके माठ वेगळे मांडलेले असायचे. विचारायच्या आधीच तू गिऱ्हाइकाला सांगायचीस, ह्यात पानी ऱ्हात न्हाई, तुळस लावा, अर्ध्या भावात न्या. "चीर आपनच दावायची. मग बाकीच्या ढिगाऱ्यावर इस्वास बसतोय."

मला वाटलं तू मला माठ विकायला शिकवते आहेस.

नंतरचे किती बाजार तू माझ्यावर घालवलेस. पाटीशी कुणी उभं असलं तरी पलीकडच्या चपलांच्या दुकानापाशी उभ्या असलेल्या बाईशी बोल म्हणायचीस. "लांबच्याशी बोल, जवळच्याला आपसूक ऐकू येतंय." माझा आवाज आधी पाटीतच पडायचा, मग रस्त्याच्या मधोमध पडायला लागला. ज्या दिवशी चपलांच्या दुकानातली बाई वळून बघून "काय म्हनालीस गं?" म्हणाली, त्या दिवशी तू मला भजी खायला घातलीस.

आवाज सापडला, पण शेवट मला जमत नव्हता. मी भाव सांगायचे आणि लगेच पुढं म्हणायचे, बघा, कमी करू, परवडत नसलं तर राहू दे. तू कपाळावर हात मारायचीस. "मुके, आजपतूर बोलत नव्हतीस ती आता गप बसंना झालीस. भाव सांगितला की गप बसायचं. तोंड मिटून त्येच्याकडं बघायचं. लई जड जातंय, पन तेवढं जड झेलायचं. भावानंतर पयला जो बोलंल त्यो हरला."

मग कोल्हापूरचं बोलावणं आलं. बँकेनं जिल्ह्यातल्या गटांना एका हॉलमध्ये बोलावलं होतं, प्रत्येकीला दहा मिनिटं. गटानं माझं नाव दिलं, कारण बी उकडण्यापासून गर निवडण्यापर्यंत सगळी कामं मी केली होती. इंदूताई चार दिवस बोलल्या नाहीत. घरात सासूबाई म्हणाल्या, "आमची मंगल आता भाषनं ठोकनार, आमी आपली भाकरी ठोकतो." मी तुला म्हणाले, "अक्का, तू संगं चल." तू म्हणालीस, "आलो असतो. पन मी असलो की तू माझ्याकडंच बघशील. आनि माझी मडकी कोन इकंल?"

इंदूताई आणि आणखी दोघी मिळून आम्ही चौघी पहाटेच्या एस्टीनं गेलो. हॉलमध्ये लांब टेबल, त्यामागं पाच साहेब लोक, त्यात एक चष्मेवाल्या बाई. आमच्याआधी शिरोळचा दुधाचा गट होता. त्यांच्या बाई कागद वाचत होत्या. पंख्यानं कागद उडाले, वर-खाली झाले, आणि त्या आभार मानून झाल्यावर पुन्हा म्हशीवर आल्या. जयसिंगपूरच्या बाईंनी उभं राहताच म्हटलं, "मी काही शिकलेली नाही, चुकलं माकलं तर माफ करा." अक्का, मी डोळ्यांनी बघितलं, टेबलावरच्या एका साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांचा लोणच्याचा धंदा आमच्यापेक्षा चांगला होता. पण पेन खाली गेलं ते पुन्हा उचललं गेलं नाही.

मग माझं नाव पुकारलं. माइक माझ्या कपाळाच्या उंचीला होता, तो खाली करायचा कसा ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी तो बाजूला सारला. टेबलाकडं बघितलं आणि मान आपोआप खाली गेली. तेवढ्यात लांबचं गिऱ्हाईक आठवलं. हॉलच्या शेवटच्या दारात एक झाडूवाली बाई उभी होती. मी तिच्याशी बोलले. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला वाटायचं मी साहेबांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलले. तसं नव्हतं. सगळी दहा मिनिटं मी त्या बाईला सांगत होते, आणि तिनं ऐकता ऐकता झाडू भिंतीला टेकवला, तेव्हा मला कळलं की आवाज पोचला.

पण त्याआधी मी टेबलावर तीन पुड्या सोडून ठेवल्या होत्या. तूच म्हणायचीस, माल आधी हातात द्यावा. मी म्हणाले, "ह्या तिन्ही पुड्या एकाच झाडाच्या. हा अख्खा गर, ही पाकळी, हा तुकडा. अख्ख्याला भाव जास्त, तुकड्याला निम्मासुद्धा न्हाई. बी फोडताना हात हलला की अख्ख्याची पाकळी होती आणि पाकळीचा तुकडा. आमच्या बारा जणींचा हात हलत न्हाई. आजवर तो दुसऱ्याच्या शेडमध्ये चालला. आता आमच्या शेडमध्ये चालवायचा हाय." मग बी कुठून घेणार, माल कुणाला देणार, कामाची वाटणी कशी, तेवढं सांगितलं. देवीसमान वगैरे काही नाही. आणि शेवटी म्हणाले, "शेड, बॉयलर आणि चार मशिनं. एक लाख साठ हजार पाहिजेत. पाच वर्षांत फेडतो."

आणि गप्प बसले.

अक्का, ती शांतता मी जन्मात विसरणार नाही. पंख्याचा आवाज तेवढा होता. मागनं इंदूताईंनी माझा पदर ओढला, "आणखी सांग की." माझ्या तोंडात शब्द गोळा झाले होते: जमलं तर बघा, कमी केलं तरी चालेल, मी अडाणी बाई आहे. एकेक शब्द मी गिळला. जड गेलं. टेबलाच्या मधोमध बसलेल्या, केस पिकलेल्या साहेबांनी पहिल्या पुडीतला एक गर उचलला, दोन बोटांत फिरवून बघितला, तोंडात टाकला, सावकाश चावला. आणि म्हणाले, "बाई, एका पोत्यातून गर किती निघतो?"

ते पहिले बोलले, अक्का. आणि प्रश्नही तोच.

मला हसू आलं. समोर मास्तर माठ वाजवत होते. हे सगळं माठांचं नव्हतंच, हे मला तिथं उभ्या-उभ्या कळलं. मी त्यांचा प्रश्न पुरता होऊ दिला, एक श्वास घेतला आणि म्हणाले, "बी नीट वाळली असंल तर साधारण चार किलोला एक किलो गर पडतो. पावसात भिजलेली असंल तर पाच किलोसुद्धा लागती. म्हणून आम्ही बी घेताना मूठभर हातात हलवून बघतो. ओली बी वाजत न्हाई."

त्यांनी लिहून घेतलं. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "गटात भांडणं झाली तर काय कराल?"

मागच्या गटांना हेच विचारलं होतं आणि सगळ्या म्हणाल्या होत्या, आमच्यात भांडणं होतच नाहीत. मी म्हणाले, "होतात की. आज येताना एस्टीत खिडकीवरनंच झाली." सगळा हॉल हसला, इंदूताईसुद्धा, कारण खिडकी त्यांनाच मिळाली होती. "पण कामात बोट कापलं तर पट्टी बांधायला भांडलेलीच पहिली येती. इतकी वर्षं एका शेडमध्ये बसतोय, भांडून उठून गेली असं एकदाबी झालं न्हाई."

मग कडेचे एक तरुण साहेब. ते पुण्याकडचे होते, बोलण्यावरनं कळत होतं. त्यांनी विचारलं, "टरफलांचं काय करणार? त्यातल्या तेलानं विहिरीचं पाणी खराब होतं, हा विचार केला आहे का?"

आम्ही केला नव्हता. कारखान्यात टरफलं पोत्यात भरून मागं जायची, पुढं कुठं जातात ते आम्हाला ठाऊक नव्हतं. इंदूताई मागनं कुजबुजल्या, "सोय केलीया म्हण." आणि माझ्या डोळ्यांपुढं तुझे कडेला मांडलेले गळके माठ आले. मी म्हणाले, "ते मला ठावं न्हाई, साहेब. विचारून सोमवारी सांगतो."

मला वाटलं, आता कागद मिटणार. पण पिकल्या केसांचे साहेब माझ्याकडं निराळ्याच नजरेनं बघत होते. म्हणाले, "ठीक आहे. या आता."

आणि इथं माझी ती चूक झाली. तिथं धन्यवाद म्हणून खाली बसायचं असतं. पण त्यांनी 'या आता' म्हटल्यावर माझ्या तोंडून, कुणाच्या घरातनं निघावं तसं, निघून गेलं, "बरं, येतो हं." निघताना जातो म्हणायचं नाही हे पुण्यातही असेल, पण आपल्याकडं बायकासुद्धा येतोच म्हणतात आणि तेही भाषण संपवून, हे त्या पुण्याच्या साहेबांना काय ठाऊक? ते गोंधळून म्हणाले, "कुठे येता?" परत सगळा हॉल हसला. पिकल्या केसांचे साहेबही हसले आणि टेबलामागनं म्हणाले, "या, या. सोमवारी या."

दुसऱ्या दिवशी मी धावत तुझ्या घरी आले. सगळं सांगितलं. गप्प बसल्याचं ऐकून तू मांडीवर थाप मारलीस. आणि येतोचं ऐकून तुझं तोंड आंबट झालं.

"येतो कशाला म्हनालीस? इकनारा कधी येतो म्हनतोय व्हय? इकनारा बसून ऱ्हातोय. गिऱ्हाईक येतंय आनि जातंय. सगळं कमावलंस आनि शेवटाला सांडलंस."

"लोकं हसली, अक्का. चांगलं हसली."

"हसली म्हंजे कर्ज दिलं न्हाई."

सोमवारी मी पुन्हा एस्टीनं कोल्हापूरला गेले, एकटी. आयुष्यात पहिल्यांदा एकटी. दोन दिवस हिंडून मी विचारून ठेवलं होतं: टरफलं तेल काढणारे विकत नेतात, उरलेलं वीटभट्टीला जळण म्हणून जातं, फक्त ती पावसात उघड्यावर ठेवायची नाहीत. टरफलं नेणाऱ्या व्यापाऱ्याची चिठ्ठी आणली होती. पिकल्या केसांच्या साहेबांच्या खोलीत गेले तर ते चकित झाले. म्हणाले, "अहो, खरंच आलात? आम्ही तर विचारलेलं विसरलोही होतो." त्यांनी चिठ्ठी वाचली, फाइल मागवली आणि माझ्यासमोर सही केली.

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते पाच वर्षं चाललं. तू म्हणायचीस, कर्ज गप्प बसल्यानं मिळालं. मी म्हणायचे, येतो म्हणाले आणि आले, म्हणून मिळालं. शेड झाली तेव्हा तू बघायला आलीस, बॉयलरला बोटाच्या पेरानं टकटक केलंस, "भाजका हाय" म्हणालीस, आणि निघताना दारात पुन्हा तेच, "गप बसलीस म्हनून झालं हे, ध्येनात ठेव." बायका म्हणायच्या, ह्या दोघींना दुसरा विषय नाही का? नव्हता. बोलायची लाज असलेल्या दोन बायकांना बोलायला एक विषय पुरत होता.

ह्या पाच वर्षांत बँकेनं मला किती गटांपुढं उभं केलं. माणगाव, कागल, गडहिंग्लज. मी कुठं माफी मागितली नाही. कुठं शेवट लांबवला नाही. पण प्रत्येक ठिकाणी निघताना येतो म्हणाले. ते तुझ्या नाकावर टिच्चून.

आणि मग त्या सकाळी तुझ्या छातीत दुखायला लागलं. तुला गडहिंग्लजला न्यायला जीप आली. गल्ली गोळा झाली. तुझ्या मुलानं तुला उचलून मागच्या सीटवर बसवलं. तोंड पांढरं पडलेलं, पण तू खिडकीतनं हात बाहेर काढलास आणि सगळ्यांना म्हणालीस, "बर्तेनी."

तुझ्या माहेरच्या कानडीत. मी तुझ्याकडनं कानडी एवढीच शिकले. त्याचा अर्थ येतो.

हरलीस तू, अक्का. मी जीपच्या मागं चालत होते आणि मनात म्हणत होते, सापडली, सापडली, परत येऊ दे, मग सांगते हिला. संध्याकाळी दवाखान्यात आले तेव्हा तुला बोलता येत नव्हतं. मी चढ्या आवाजात भांडायला आले होते आणि तुझा हात धरून नुसती बसले. निघताना म्हणाले, "येतो अक्का, उद्या." तू मान हलवलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यायच्या आत गल्लीतल्या दुकानातल्या फोनवर निरोप आला.

तुम्हा लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून पुरतात. तुला मातीत उतरवलं तेव्हा तू मांडी घालून बसली होतीस, अगदी पाटावर बसायचीस तशी. मला वाटलं, आता म्हणेल, ओ पावणं, तुमीच ओ. तिथं लोक मला म्हणाले, मंगलताई, तुम्ही दोन शब्द बोला. मी नाही बोलले. त्या दिवशी लांबचं गिऱ्हाईक तू होतीस, आणि तेवढ्या लांब पोचेल असा आवाज तू मला शिकवला नव्हतास. म्हणून घरी येऊन वही काढली.

तुझे आभार मानायचे राहिले. आपल्यात मानत नाहीत, आणि मानले असते तर तू म्हणाली असतीस, आभार मान, आनि पुन्ना म्हशीवर ये. तेव्हा तेही राहू दे.

काल मी आणि इंदूताई कोल्हापूरला बँकेत गेलो होतो. पिकल्या केसांचे साहेब आता तिथं नाहीत. नव्या बाई आहेत. बाकावर खेड्यावरच्या सातआठ जणी बसल्या होत्या, नवा गट, डोक्यावर पदर घट्ट धरून. बाई मला म्हणाल्या, ह्यांना दोन शब्द सांगा. मी उभी राहिले. सगळ्यात मागं बसलेल्या, खांबाआड मान घातलेल्या बाईकडं बघितलं आणि तिच्याशी बोलले. तुझ्याबद्दल बोलले. माठाबद्दल, चिरेबद्दल, टकटकीबद्दल. त्या बाईनं मान वर काढली. मग तिनंच विचारलं, "पण ताई, भाव सांगितल्यावर समोरचं बोललंच न्हाई तर?"

मी तिचा प्रश्न पुरता होऊ दिला. मग म्हणाले, "बोलतंय. थांबायचं."

इंदूताई शेजारी होत्या. त्यांनी काही जोडलं नाही.

निघताना मी त्या बायकांना येतो म्हणाले. तेवढं माझं. आता हे पान संपवताना मात्र तुझं ऐकते. येतो म्हणत नाही. जे सांगायचं ते एकदा सांगते आणि तोंड मिटून तुझ्याकडं बघत बसते. पहिलं तू बोल.

काल शेवटचा हप्ता भरला. बँकेचे सगळे पैसे फिटले.